सोन्यावरचे तीन संत

परुशी मंडळींनी प्रभू येशूला शब्दांत पकडण्यासाठी कराचा प्रश्न विचारला, तेव्हा त्याने उत्तर देण्यापूर्वी एक नाणे मागवून घेतले. त्यावरचा मुखवटा कोणाचा आणि लेख कोणाचा, हे त्याने विचारणाऱ्यांच्याच तोंडून वदवून घेतले. शुभवर्तमानातील हा प्रसंग आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकतो. परंतु जुन्या नाण्यांचा अभ्यास करणाराही नेमक्या याच दोन प्रश्नांनी आरंभ करतो, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. चित्र कोणाचे? लेख कोणाचा? या दोन प्रश्नांची उत्तरे सापडली की नाणे बोलू लागते. ते कोणाच्या सत्तेत पाडले गेले, कोणत्या वाटेने आले आणि ज्याच्या हाती पडले त्याने त्यावर विश्वास का ठेवला, हे सारे ते सांगू लागते.

सोन्याच्या जुन्या नाण्यांचा संग्रह म्हटला की राजेरजवाडे, धनिक आणि लिलावांचे आकडे डोळ्यांसमोर येतात. आम्ही मात्र हा विषय आपल्या उत्तर कोकणाच्या, त्यातही डहाणू-तलासरीच्या भूमीवर उभे राहून पाहू इच्छितो. या किनाऱ्यावर गेल्या पाचशे वर्षांत जे परदेशी सोने फिरले, त्यातील तीन नाण्यांवर ख्रिस्तसभेचे तीन संत कोरलेले होते : पोर्तुगीज नाण्यावर संत थॉमस, व्हेनिसच्या नाण्यावर संत मार्क आणि इंग्रजी नाण्यावर संत जॉर्ज. ही नाणी श्रद्धेची निशाणी म्हणून आपल्याकडे आली, असा समज सहज होऊ शकतो. तो कितपत खरा आहे, हेच आपण पाहू.

डहाणूचे नाव आणि सोन्याचा भाव

या तीन संतांकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. उषवदात हा शक, म्हणजे मूळचा परकीय. त्याच्या दानांच्या यादीत एक नोंद अशी की इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने पुण्यासाठी विनामूल्य नावा ठेवल्या आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर वाटसरूंसाठी विसाव्याच्या जागा व पाणपोया उभारल्या. ही दाहनुका म्हणजे आपली डहाणूची खाडी-नदी, असे विद्वानांनी मानले आहे. दमण म्हणजे दमणगंगा, हे तर उघडच आहे.

त्याच लेण्यातील उषवदाताच्या दुसऱ्या लेखात सोन्याचा भाव नोंदलेला आहे. त्याने देवब्राह्मणांना ७०,००० कार्षापणांचे दान दिले. पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण या दराने त्याचे २,००० सुवर्ण झाले, असा हिशेबच दगडावर कोरला आहे. नहपानाची नाणी चांदीची. त्याने स्वतः सोन्याचे नाणे पाडल्याचा पुरावा नाही. तेव्हा या सुवर्णाच्या पाठीशी बाहेरून आलेला व्यापार होता, हे उघड आहे. डहाणूचे नाव आणि सोन्याच्या नाण्याचा दर एकाच लेण्यात, एकाच दात्याच्या लेखांत मिळावा, हा योग विलक्षण म्हणावा लागेल.

नाण्यामागचे राजकारण कसे वाचावे, याचा धडाही याच नहपानाच्या नाण्यांनी दिला आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यातील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप मारलेला होता. सत्ता पालटली, पण नव्या राजाने जुनी नाणी आटवली नाहीत. त्यांच्यावर आपला ठसा उमटवला. कोणी कोणाला जिंकले, याचा याहून रोकडा पुरावा कोणता असणार?

उषवदातानंतर अनेक शतकांनी याच पट्ट्यात आणखी एक परकीय अधिकारी दिसतो. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे १९५५ साली काही ताम्रपट सापडले. त्यांपैकी शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ च्या ताम्रपटात राष्ट्रकूट सम्राटाच्या वतीने संयान मंडलाचा कारभार पाहणाऱ्या मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. मधुमती हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप असावे. संयान म्हणजे आजचे संजाण. ते तलासरीच्या सीमेपलीकडे गुजरातच्या उंबरगाव तालुक्यात येते. या मधुमतीने दोन प्रवाहांवर विनामूल्य नाव ठेवली आणि संजाणला अन्नछत्र उघडून तेथे भात, कालवण व तूप देण्याची व्यवस्था केली, असे त्या ताम्रपटावरून कळते. पहिला शक, दुसरा अरब. दोघेही सत्ताधीश आणि दोघेही परके. तरी दोघांची या भूमीवरची आठवण राहिली ती फुकट चालवलेल्या नावेमुळे. हा धागा आपण पुढे पुन्हा हाती घेऊ.

संत थॉमस : राजाच्या आज्ञेचे नाणे

१५१० मध्ये गोवा घेताच आल्बुकर्कने तेथे टांकसाळ घातली. त्याने पाडलेल्या सोन्याच्या नाण्याला पोर्तुगालच्या मानुएल राजाचे नाव मिळाले. एका बाजूला ख्रिस्त-संघाचा क्रूस आणि दुसऱ्या बाजूला राजाचे निशाण असलेला खगोल, असे त्याचे रूप होते. आपण केवळ व्यापारी नसून या भूमीचे धनी आहोत, हे सांगण्याची ती रीत होती. स्वतःचे नाणे पाडणे हा सार्वभौम सत्तेचा अधिकार, हे त्या काळी सर्वांनाच ठाऊक होते.

पुढे १५४८-४९ या काळात गार्सिया द सा हा गव्हर्नर असताना संत थॉमसची आकृती असलेले सोन्याचे नाणे निघाले. त्याला ‘साँ तोमे’ म्हणत. प्रेषितांपैकी संत थॉमस भारतात आले, अशी परंपरा. मैलापूर येथील त्यांच्या समाधिस्थानी पोर्तुगिजांनी १५२३ मध्ये उत्खननही केले होते. १५४२ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात पोहोचले होते आणि मिशनकार्याला वेग आला होता. अशा वेळी भारताचा म्हणून मानला गेलेला प्रेषित नाण्यावर आणण्यात राजकीय चातुर्य होते. लिस्बनचा राजा दूर होता. संत मात्र इथलाच होता.

गंमत अशी की या नाण्यांच्या मोजमापाला पोर्तुगीज ‘पार्दांव’ म्हणत आणि हा शब्द ‘प्रताप’ या आपल्या शब्दावरून आला आहे. विजयनगरच्या राजांच्या सोन्याच्या नाण्यांवर ‘प्रताप’ हे बिरुद असे. बाजारात पत होती ती त्या नाण्याची. नवा सत्ताधीश आपला संत आणि आपले राजचिन्ह घेऊन आला. पण लोकांनी नाणे स्वीकारावे म्हणून नाव त्याला हिंदू राजाच्या बिरुदाचेच चालवावे लागले.

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली आणि १५५९ मध्ये त्यांनी दमण घेतले. त्यानंतर संजाण, डहाणू, तारापूर हा किनारा दमणच्या अमलाखाली आला. पोर्तुगीज सरदारांना आणि शिपायांना गावे नेमून देण्यात आली. गावचा कुणबी भाताच्या रूपाने जे देई, त्याचा हिशेब वरच्या दप्तरात पार्दांवांत होई. म्हणजे नाण्यावरचा संत सरकारी वहीत होता. शेतात होते ते भात.

१७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या मोहिमेत डहाणू आणि तारापूर मराठ्यांनी घेतले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव धारातीर्थी पडले. मे महिन्यात वसईही पडली. त्या दिवसापासून या किनाऱ्यापुरते ‘साँ तोमे’ हे राजाचे नाणे उरले नाही. सराफाच्या काट्यावर ते वजनाचे सोने झाले. ज्या नाण्यामागे आज्ञा असते, त्याची किंमत आज्ञेच्या हद्दीपर्यंतच चालते; त्यापलीकडे फक्त कस चालतो.

संत मार्क : विश्वासाचे नाणे

आता दुसरे नाणे पाहू. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाला भारतात वीतभरही जमीन नव्हती. त्याचा किल्ला नव्हता, आरमार इथवर आले नव्हते. तरीही त्याचे सोन्याचे नाणे आपल्या लोकांनी जितके जिवाशी धरले, तितके दुसरे कोणतेही परदेशी नाणे धरले नाही. आपल्या आज्या-पणज्या ज्याला ‘पुतळी’ म्हणत आणि ज्याच्या माळा महाराष्ट्रभर हौसेने घालत, ती मूळची व्हेनिसची डुकाट.

१२८४ साली जोव्हान्नी दांदोलो हा व्हेनिसचा डोजे, म्हणजे राज्यप्रमुख, असताना ती प्रथम निघाली. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ पूर्ण शुद्ध. एका बाजूस संत मार्क उभे असून गुडघे टेकलेल्या डोजेच्या हाती ते ध्वजदंड देत आहेत. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी भरलेल्या लंबगोल प्रभावळीत प्रभू येशू आशीर्वाद देत उभे आहेत. भोवतीच्या लॅटिन लेखाचा आशय असा की, ख्रिस्ता, ज्यावर तू राज्य करतोस ते हे राज्य तुलाच अर्पण असो. १७९७ साली नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवेपर्यंत, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे, या नाण्याचे रूप, वजन आणि कस जवळजवळ तसाच राहिला. बदलत गेले ते केवळ डोजेचे नाव. शेवटचा डोजे लुदोव्हिको मानिन. त्यामुळे नाण्यावरचे नाव वाचता आले की त्याचा काळ आपोआप कळतो.

हे नाणे तांबड्या समुद्राच्या वाटेने गुजरात आणि मलबारच्या बंदरांत येई. मिरी, मसाले, कापड आणि नीळ यांच्या बदल्यात युरोपला देण्यासारखे दुसरे फार थोडे होते. सोने-चांदीच द्यावी लागे. शिवछत्रपतींच्या खजिन्यातील नाण्यांची जी यादी सभासद बखरीत दिली आहे, तीतही होनांच्या नाना प्रकारांबरोबर पुतळीचे नाव येते. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर महाराजांनी ‘श्री राजा शिव छत्रपति’ असा नागरी लेख असलेला स्वतःचा होन पाडला. तो स्वातंत्र्याचा उद्घोष होता. पण खजिना भरताना परक्या पण खऱ्या सोन्याला त्यांनी नकार दिला नाही.

आपल्या स्त्रियांनी त्या नाण्यावरच्या दोन आकृती पाहिल्या आणि त्यांना ‘पुतळी’ म्हटले. कोणाला ती राम-सीतेची जोडी वाटली. तमिळ प्रदेशात तिला ‘शाणार काशु’ हे नाव पडले. डोजेच्या हातातील ध्वजदंड लोकांना ताडाचे झाड वाटला आणि डोजे त्यावर चढणारा ताडी काढणारा! ताडा-माडांच्या सावलीत वाढलेल्या आपल्या डहाणूकरांना ही कल्पना फारशी परकी वाटणार नाही. मागणी एवढी की भारतातच तिच्या नकला होऊ लागल्या. नकलाकाराला लॅटिन येत नसल्याने अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आणि ठिपके उमटले, संतांची वस्त्रे काड्यांसारखी झाली. अशी नक्कल संग्राहकाला आज खोटी म्हणून टाकून देण्याची वस्तू वाटत नाही. परक्या चित्राला इथल्या कारागिराने कसे पाहिले, याची ती साक्ष आहे.

प्रभावळीतला ख्रिस्त असा शतकानुशतके असंख्य हिंदू मातांच्या गळ्यात राहिला. त्यावरून त्या ख्रिस्ती होत्या असे कोणी म्हणणार नाही. मग त्याच न्यायाने, नाण्यावर संत कोरला म्हणून ते राज्य संतांचे झाले, असेही म्हणता येणार नाही. संत थॉमसचे नाणे हुकमाने चालले, संत मार्कचे कसाने चालले. दोन्हीकडे श्रद्धा हा केवळ ठसा होता.

संत जॉर्ज : साम्राज्याचे नाणे

तिसरे नाणे म्हणजे इंग्रजी सॉव्हरिन, ज्याला आपल्याकडे सर्रास गिनी म्हटले गेले. घोड्यावर बसून राक्षसी सर्पाला मारणारा संत जॉर्ज हे त्यावरचे चित्र बेनेदेत्तो पिस्त्रुच्ची या इटालियन कलावंताने १८१७ साली घडवले. वजन ७.९८ ग्रॅम, कस २२ कॅरेट. पेशवाई बुडाल्यावर आपला मुलूख इंग्रजांकडे गेला. तरी दीर्घकाळ व्यवहारात चालला तो चांदीचा रुपया. १८९३ मध्ये सरकारने लोकांकडून चांदी घेऊन रुपये पाडून देण्याचे बंद केले आणि १८९९ मध्ये गिनी पंधरा रुपयांच्या दराने कायदेशीर चलन ठरवली.

पहिल्या महायुद्धात लंडनहून सोने आणणे जोखमीचे झाले, तेव्हा मुंबईच्या टांकसाळीतच गिन्या पाडण्यात आल्या. १९१८ या एकाच सालाच्या त्या १२,९५,३७२ गिन्यांवर सालाच्या आकड्याच्या वर ‘आय्’ हे इंग्रजी अक्षर बारीक कोरलेले आहे. ते इंडियाचे आद्याक्षर. त्याच वर्षी पंधरा रुपयांची सोन्याची मोहरही मुंबईत निघाली. घरात गिनी असेल, तर भिंग घेऊन ते अक्षर अवश्य शोधावे. त्या एका अक्षरात महायुद्धाचा इतिहास आहे.

पुढे सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडले. सोन्याचा भाव चढला. मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते, सावकाराचे हप्ते आणि सरकारचा सारा मात्र तसाच होता. देशभरातील शेतकऱ्यांनी घरातले सोने विकायला काढले आणि ते मुंबई बंदरातून परदेशी गेले. त्या काळी त्याला विपत्तीचे सोने म्हणत. किती पुतळ्या, किती होन, किती गिन्या त्यात आटल्या, याची मोजदाद कोण करणार?

ज्यांच्या हाती नाणे आले नाही

इथवर आपण नाणे ज्यांच्या हातून फिरले त्यांचा इतिहास पाहिला. पण डहाणू-तलासरीचा इतिहास एवढाच सांगून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. या भूमीवरचे बहुसंख्य लोक म्हणजे वारली आणि इतर आदिवासी. त्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनाही मालकाकडे राबावे लागे आणि त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी येथे आदिवासींची मोठी सभा झाली आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. गवतकापणीच्या हंगामात त्यांनी मागितलेला दर होता पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात हा लढा सांगितला आहे.

आता साधा हिशेब करू. गिनीचा १८९९ चा सरकारी दर पंधरा रुपये. लढून मागितलेल्या दरानेही एका गिनीसाठी तीन हजार पौंड गवत कापावे लागले असते. आणि १९४५ मध्ये बाजारात गिनीचा भाव त्याहून कितीतरी अधिक होता. ते गवत मुंबईच्या तबेल्यांत जाई. साम्राज्याचे सोने ज्या शहरात जमा होत होते, त्याच शहराच्या जनावरांना पोसणाऱ्या हाताला अडीच रुपये मागितल्याबद्दल गोळी मिळाली. संत जॉर्जने मारलेला सर्प नाण्यावर मेला. झरी-तलवाड्याच्या रानात तो जिवंतच होता. सोन्याच्या नाण्यांचा संग्रह करणाऱ्याने ही दुसरी बाजूही आपल्या वहीत लिहून ठेवली पाहिजे.

आपले कर्तव्य

आमचा हा लेख वाचून कोणी सोन्याची खरेदी करायला निघावे, अशी आमची मुळीच इच्छा नाही. आमची विनंती वेगळी आहे. अनेक कुटुंबांत एखादी पुतळी, एखादी गिनी, जुन्या माळेतले एखादे ओळख हरवलेले नाणे अजून असेल. लेकीच्या लग्नात नवा दागिना घडवताना ते मोडीत निघते आणि सोनाराच्या मुशीत क्षणात आटते. सोन्याची किंमत हाती येते. लेख मात्र कायमचा पुसला जातो.

म्हणून नाणे मोडण्यापूर्वी एवढे करावे : त्याचे वजन करून घ्यावे, दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे काढावीत आणि ते कोणाकडून कोणाकडे आले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. नाणे घासूनपुसून चकचकीत करू नये, अक्षरे झिजतात. कडी लावलेली असल्यास ती ओढून काढू नये. तो डाखही त्या नाण्याच्या दागिना होण्याचा इतिहास आहे. मुंबईत फोर्ट भागातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय मुलांना एकदा तरी दाखवावे.

कायद्याचेही भान असावे. शेत नांगरताना किंवा पाया खणताना पुरलेले धन सापडले आणि ते दहा रुपयांहून अधिक किमतीचे असले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि ती खासगीरीत्या परदेशी नेता येत नाहीत. परदेशी नोकरीला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे विशेष लक्षात ठेवावे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. आपल्या जिल्ह्याचा इतिहास लिहिताना अशा घरगुती नोंदी मोलाच्या ठरतील.

नाणे हाती घेऊन प्रभूने विचारलेला प्रश्न अखेर नाण्यापाशी थांबला नाही. कैसराचे कैसराला देऊन झाल्यावर देवाचे देवाला द्यायचे उरतेच. उषवदाताचे दोन हजार सुवर्ण कुठे गेले, ते आज कोणी सांगू शकणार नाही. त्याने डहाणूच्या नदीवर गोरगरिबांसाठी जी नाव ठेवली, तिची नोंद मात्र दगडावर राहिली आणि तिच्यामुळे आपल्या गावाचे नाव जवळपास दोन हजार वर्षे टिकले. आपल्या घरातल्या सोन्याचा हिशेब लिहिताना ती नाव नजरेसमोर असू द्यावी, इतकेच आमचे मागणे.